बाशिंग बांधलेलं कोकरू

माझ्यावर उपकार केले ते आमच्या शेजारच्या पेंटर मामूंनी. काय झालं ते पुढं येईलच, पण नाव आधी लिहून टाकते, कारण मला सांगता सांगता भरकटायची खोड आहे आणि त्या भरकटण्यात मामूच राहून गेले तर जिवाला लागून राहील. तर, अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात मामूंइतका खरं सांगणारा माणूस नाही, आणि मामूंइतका सरळ सांगता न येणाराही दुसरा नाही. पोटातलं तोंडावाटे बाहेर काढायचं म्हटलं की मामूंच्या घशाला कोरड पडते. मग ते हातावाटे बाहेर काढतात, भिंतीवर, आणि तेही असं की बघणाऱ्यानं त्याचा अर्थ स्वतःच्या जबाबदारीवर लावावा.

आखाडा बाळापूरहून आत जो रस्ता फुटतो त्याच्यावर आमचं गाव. तिथली शाळा, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जिथं म्हणून सपाट जागा आहे तिथं मामूंचा ब्रश फिरलेला. मामू म्हणजे काही रक्ताचे मामा नव्हेत. माझी माय त्यांना भाऊ म्हणते, म्हणून ते मामू. आमच्याकडं मेंढरं, त्यांच्याकडं रंगाचे डबे, आणि मधे एक कुडाची भिंत. तिच्यातून मेंढरांचा वास तिकडं जायचा आणि टर्पेंटाइनचा वास इकडं यायचा, आणि दोन्ही घरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मामू उंच, कमरेत वाकलेले, शिडीच्या दोन पायऱ्यांत कायमचे अडकल्यासारखे. सदरा मूळचा पांढरा होता असं मामी सांगतात. आमचा त्यावर विश्वास नाही. डाव्या बाहीवर गिरणीचा निळा, पाठीवर शाळेचा पिवळा, खिशावर सगळ्या पक्षांचे रंग गुण्यागोविंदानं एकमेकांत मिसळलेले. बाजारात कुणी विचारलं, "मामू, बरं हाय का?" तर मामू त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "ओल धरली." विचारणारा घाबरून स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचा.

मामू आपल्या चित्राला चित्र म्हणत नाहीत, इशारा म्हणतात. "बोललं की भांडण होतं, बेटी," ते मला सांगायचे. "इशारा केला की माणूस घरी जाऊन इचार करतो."

"आन् न्हाई कळला तर?"

"तर निदान भांडण तरी न्हाई झालं."

घरातसुद्धा हेच. एकदा भाजीत मीठ कमी पडलं. आपण म्हणतो तसं 'मीठ घाल गं' एवढं म्हणून माणूस मोकळा होतो. मामूंनी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं एक आटलेला समुद्र काढला आणि त्यात तोंड वासून पडलेला मासा. मामी अर्धा दिवस त्या माशाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी खडू घेऊन शेजारी एक लाटणं काढलं. मामींना चित्रकला येत नाही, लाटणं जरा दुधी भोपळ्यासारखं झालं होतं, पण तो इशारा सगळ्या गल्लीला पहिल्या नजरेत कळला.

गावच्या कामात मात्र मामूंचे फार हाल. वर लिहायचं वाक्य ठरून यायचं, खाली चित्र मामूंच्या मर्जीचं, आणि त्या मर्जीपायी ग्रामसेवकांचे केस गेले. उघड्यावर बसू नका, असं एकदा सांगायचं होतं. मामूंनी गावाबाहेरच्या पांदीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर पितळेचा लोटा काढला, त्याला चंदनाचा हार घातला, पुढं उदबत्ती लावली. म्हणजे लोट्याचे दिवस भरले, लोटा वारला. चार दिवस येणारा-जाणारा विचारत राहिला की कोण गेलं. पाचव्या दिवशी एका म्हातारीनं तिथं खरीखुरी उदबत्ती खोचली आणि नारळ फोडला. जागेला देवपण आलं, त्यामुळं लोक त्या भिंतीआड बसायचे ते लाजेनं थोडे पुढं जाऊन बसायला लागले. ग्रामसेवक वैतागून म्हणाले, "मामू, अहो काय केलंत हे?" मामू म्हणाले, "साहेब, सरकले ना? येवढं तर झालं." दारू सोडा म्हणून त्यांनी एक ट्रॅक्टर काढला, वर ड्रायव्हर नाही, आणि ट्रॅक्टर चाललाय थेट स्वतःच्याच घरावर. त्या हंगामात मामूंकडं ट्रॅक्टर भाड्यानं मागायला इतके लोक आले की मामींनी दारालाच खडूनं लिहून ठेवलं, 'ट्रॅक्टर नाही.' ग्रामसेवक म्हणायचे, खाली साध्या शब्दांत अर्थ तरी लिहा. मामू म्हणायचे, "लिहून कळत असतं तर चित्र काहून काढलं असतं?"

संध्याकाळी ओट्यावर बसून ते रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसायचे. एक बोट झालं की थांबायचे. "थकलो बेटी," म्हणायचे, "येवढ्या वर्षांत एक इशारा एका माणसाला कळला असता तरी पुरे होतं." आणि मग दुसरं बोट पुसायला घ्यायचे.

आता माझं. सातवीपर्यंत मी गावात शिकले. पुढची शाळा बाळापुरात आणि आमची मेंढरं माळावर. एकाच पोरीला दोन्हीकडं जाता येत नाही, म्हणून शाळा सुटली. कुणी सोड म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही, तशी ती सुटली. पंधरावं संपत आलं तेव्हा डोंगरकडा गावाकडचं स्थळ आलं. मुलगा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, बोलायला बरा, घरी जमीन. अक्षय तृतीयेनंतरची तारीख धरली. माझ्या बाला ते वाईट वाटत नव्हतं, हे लिहायला हवं. बा दुष्ट माणूस नाही. त्याच्या बहिणींचं असंच झालं, मायचंही असंच झालं, तेव्हा त्याला वाटलं, माझंही होईल. मला मात्र जेवण जाईना. मी सकाळी मामूंकडं चहापुरतं शेळीचं दूध नेऊन देत असे. एके दिवशी तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"मामू, बाला सांगा की."

"काय सांगू?"

"इतक्यात नको म्हणून."

मामूंनी हातातली बशी खाली ठेवली. "मी?" ते म्हणाले. "तोंडानं?"

तरी ते आले. त्याच दिवशी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून आले आणि बाच्या शेजारी तासभर बसले. मी दाराआड मेंढराला मीठ चारत ऐकत होते. मामू पावसाबद्दल बोलले. चुन्याबद्दल बोलले. आमच्या भिंतीला खालून ओल कशी चढते हे त्यांनी फार तळमळीनं सांगितलं. दोनदा घसा खाकरला, दोनदा बानं आशेनं वर बघितलं, आणि दोन्ही वेळा मामू म्हणाले, "चहा बरा झालाय." उठताना बा म्हणाला, "मामू, बरं झालं आलात. लग्नाची भिंत तुमालाच रंगवायची हाय. मी मेंढरं घेऊन कयाधू नदीच्या अंगाला चाललो, तीन दिवसांत येतो, तवर करून टाका." आमच्याकडं लग्नघराची पुढची भिंत रंगवतात, वर गणपती, दोन्हीकडं केळीचे खांब, मधे नवरा-नवरीचं नाव. उन्हाळ्यात मामूंचं पोट त्याच भिंतींवर चालायचं, आणि तालुक्यात त्यांच्या गणपतीला तोड नव्हती. मामू "बराबर" म्हणाले आणि खाली मान घालून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी बा मेंढरं घेऊन गेला. बाळंत मेंढ्या आणि कोवळी कोकरं तेवढी मागं वाड्यात राहिली. मामू तिथं आले, चष्मा पुसला, आणि एकेका कोकराचं तोंड उघडून बघायला लागले. मेंढरांना तो टर्पेंटाइनचा वास आवडेना. एका मेंढीनं त्यांना कुंपणाशी दाबून धरलं. तशा अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "ह्येंचे दात कवा पडतात?" मी सांगितलं की वरसाच्या पुढं दुधाचे दोन पडून मोठे दोन येतात, तिला दोनदाती म्हणतात, मग चारदाती, अशी मोजणी, आणि दुधाचेच दात असले तर ती आदत. "आन् आदतीचं लगीन?" मामूंनी विचारलं. मला हसू आलं. मी म्हटलं, "मामू, मेंढराचं लगीन न्हाई, मेंढा दाखवतात. आदतीला न्हाई दाखवत. बा मारंल." मामूंनी मान हलवली, आणि मी त्यांना मेंढीच्या तावडीतून सोडवलं. माझ्या काहीसुद्धा लक्षात आलं नाही. मीही गावातलीच ना.

दोन दिवस त्यांनी भिंतीवर साडी लावून आतून काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडी काढली. गणपती असा झाला होता की माझ्या मायनं आधी हात जोडले. केळीचे खांब हिरवेगार. आणि मधे, जिथं माझं आणि त्याचं नाव यायचं, तिथं एक कोकरू. पांढरं, कान लोंबलेले, कपाळाला जरीचं बाशिंग, आणि तोंड उघडं, जणू आत्ता ओरडेल. दुधाचे दात तांदळासारखे बारीक, एकन् एक मोजून घ्यावा असा.

माय खालीच बसली. काका धावत आला आणि म्हणाला, "मामू, डोकं फिरलं का? पाव्हणे काय म्हणतील?" मामू शिडीला धरून उभे. तेवढ्यात डोंगरकड्याच्या बाजूनं मोटारसायकलवर कुणी अनोळखी गृहस्थ आले, भिंत बघून थांबले, आणि काकाला म्हणाले, "लग्नाच्या मटणाची ऑर्डर इथंच घेता का? आमचं दोनशे पान हाय." काकानं त्यांना जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. दुपारपर्यंत आणखी दोघं येऊन गेले. एकानं तर कोकराकडं बोट दाखवून सांगितलं, "असलंच कवळं पायजे." मी घरात भांड्यांच्या उतरंडीमागं बसून होते. मामू ओट्यावर बसले होते, हात न पुसता. मला वाटलं, हाही लोट्याच्याच वाटेनं गेला.

उन्हं उतरली तेव्हा बा मेंढरं घेऊन आला. काका त्याला वाटेतच गाठून सगळं सांगत होता, पण बाचं लक्ष नव्हतं. बानं भिंत बघितली होती. बाला वाचता येत नाही. सहीसुद्धा येत नाही, अंगठा लावतो. इशारा वगैरे त्याला काही ठाऊक नाही. त्यानं काठी भिंतीला टेकवली, आणि बाजारात मेंढरू बघतो तसं बघायला लागला. आधी पाठ, मग पाय, मग पुढं होऊन त्यानं चित्रातल्या कोकराच्या ओठावर अंगठा ठेवला, वर उचलल्यासारखा. रंग अजून ओला होता. अंगठ्याला पांढरं लागलं.

"मामू," बा म्हणाला, "ही आदत हाय."

मामू ओट्यावरून उठून पुढं आले.

"आदतीला कुठं बाशिंग असतं? पैल्याच वेताला मरती ती. कोकरूबी जातं, मेंढीबी जाती. तुमाला मेंढरातलं काय कळत न्हाई."

"न्हाईच कळत," मामू म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तुमाला कळतं. चुकलं असंल तर तुमी सांगा, दुरुस्त करतो. दोन दात मोठे काढू का?"

बा पुन्हा भिंतीकडं वळला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मेंढरं आपली आपण वाड्यात शिरली एवढा वेळ. मग त्यानं वळून दाराकडं बघितलं, जिथं मी उभी होते. मी मान खाली घातली. बानं अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाला, "राहू द्या. हाय तसं राहू द्या."

दोन दिवस बा मेंढरांमागंच राहिला. तिसऱ्या दिवशी डोंगरकड्याकडं जाऊन आला. काकानं नंतर सांगितलं, बा तिथं जास्त काही बोललाच नाही. 'पोरगी अजून आदत हाय, तीन वरसांनी बघू' एवढंच म्हणाला. ते लोक चिडले, मग आपल्या वाटेनं गेले. तीन वर्षांनी कुणी आलं नाही, आणि आम्हीही वाट बघितली नाही.

मामूंना मात्र ते कोकरू महाग पडलं. त्या उन्हाळ्यात त्यांना एकाही लग्नघरानं बोलावलं नाही. लोक म्हणायचे, नको बाबा, मामू आमच्या पोरीच्या जागी शेळी काढायचे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत छापील फलकवाले आले, रात्रीतून गणपती, केळी, नवरा-नवरी सगळं छापून मिळायला लागलं, आणि मामूंच्या भिंती गेल्या त्या गेल्याच. ट्रॉलीचे नंबर, टाकीवरची तारीख, एवढंच काम उरलं. मी एकदा रडत म्हटलं, "माझ्यापायी झालं, मामू." मामू बोटं पुसत होते. म्हणाले, "बेटी, येवढ्या वर्षांत माझा इशारा एकाच माणसाला कळला, आन् तो अंगठाबहाद्दर. किती पेंटरांचं येवढंसुद्धा होत न्हाई." मग घाईघाईनं, जणू जास्तच बोलून गेले अशा चेहऱ्यानं, माझ्या मागच्या भिंतीकडं बघून म्हणाले, "ओल धरली."

शाळा काही पुन्हा जोडली गेली नाही. अठरा झाल्यावर मेंढरं धाकट्या भावाकडं गेली आणि मी गावातल्या दोघींबरोबर इकडं तिरुपूरला आले, कापडाच्या कारखान्यात. बारा-बारा तास मशीन. परत येते तेव्हा खांदे आपले राहत नाहीत, आणि पडल्यावर झोप यायच्या आधी घरची काळजी येते. फोन वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती. इथली भाषा मला अजून नीट येत नाही. आमची सुपरवायझरबाई हातानं सांगते. बोट फिरवलं की दोरा बदल, खांद्यावर थाप म्हणजे हात उचल. मी मामूंना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खुशीत हसले. "तरीच निभावून राहिली," म्हणाले. मागं एकदा लहान मुलांच्या बनियनवर छापलेलं मेंढरू शिवायला आलं. दोन दिवस मी त्याचा इशारा शोधत होते. मग बघितलं तर त्याला तोंडच नव्हतं, नुसते दोन डोळे. दात तरी कुठं बघायचे.

आमच्या भिंतीवरचं कोकरू अजून आहे. दर दिवाळीला बा सगळी भिंत चुन्यानं रंगवतो आणि चित्राची जागा तेवढी वगळतो. गणपती फिका झाला, केळी तर गेल्याच, बाशिंगाची जर पिवळी पडली, पण दात शाबूत. मला इकडं यायच्या आधी मामूंनी विचारलं होतं, "आता दोन दात मोठे काढू का?" मी म्हटलं, थांबा. आणि आता भावाचा फोन आला की ती भिंत पाडायची आहे. मातीची आहे, खालून पार ओल चढलीय. म्हणजे मामू एवढी वर्षं खरंच सांगत होते. उन्हाळ्यात तिथं विटांची भिंत उभी राहील. मी मामूंना फोन केला. भिंतीचं सांगितलं. मामू म्हणाले, "भिंत पडायचीच, बेटी. तकलीफ करून घेऊ नको. तुझा बा बघून गेला ना तिला, काम झालं तिचं." मागून मामी ओरडून सांगत होत्या की ह्यांचा हात आता थरथरतो, चहासुद्धा अर्धा बशीत न् अर्धा सदऱ्यावर, आणि डोळ्याला पडदा आलाय पण दवाखान्यात चला म्हटलं की दारावर खडूनं रात्रीसुद्धा दिसणारं घुबड काढतात.

माझ्या लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. भिंतीचं ठरलंय. मी सुट्टी मागून ठेवलीय. आल्यावर आधी मामूंना नांदेडला डोळ्याच्या दवाखान्यात नेईन, मग नव्या भिंतीसमोर शिडी मी धरीन, आणि हात थरथरला तर मनगटही मीच धरीन. काय काढायचं ते मामूंनी ठरवावं. गावाला नाही कळलं तरी चालेल, थरथरलेला गणपती निघाला तरी चालेल. मामूंनी माझ्यासाठी जे केलं त्याची फेड एका भिंतीनं होणार नाही हे मला कळतं. तरी मामू, भाऊ हे तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीकडं बघू नका. यात इशारा काही नाही, सरळ लिहिलंय. मी येईन, आणि फेडीन.